कादंबरी निवडताना : 'तोत्तोचान'पासून रहस्यकथेपर्यंत

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो : "सर, मुलाला कोणतं पुस्तक घेऊन देऊ?" आणि लगेच पुढची अट, "पण अवांतर नको हं, काहीतरी उपयोगाचं सांगा."

खरी अडचण या 'उपयोगाचं'मध्ये आहे. चौथीपर्यंत गोष्टीसाठी हट्ट करणारी मुलं आठवीत पुस्तकाला हात लावत नाहीत. पाठ्यपुस्तक आणि मोबाईल यांच्यामध्ये गोष्टीला जागाच उरत नाही.

आपल्या संगमनेरचेच कवी अनंत फंदी आठवून बघा. उपदेशाचे फटके त्यांचेच आणि तमाशाचा फडही त्यांचाच. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. लोकांना आधी खिळवून ठेवता आलं, म्हणून पुढे त्यांचा उपदेशही ऐकला गेला. वाचनाचंही तसंच आहे. आधी गोडी, मग बोध.

१) रहस्यकथेला कमी लेखू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या नादाने एक पिढी वाचायला लागली. रहस्यकथा वाचताना मूल तपशील लक्षात ठेवतं, अंदाज बांधतं, चुकला की मागची पानं उलटतं. आकलन म्हणजे तरी दुसरं काय? पाचवी-सहावीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. त्यानंतर सत्यजित राय यांचा फेलूदा आहेच; त्याचा मराठी अनुवाद अशोक जैन यांनी केला आहे.

२) पुढची पायरी तयार ठेवा. सुहास शिरवळकरांचं उदाहरण घ्या. मंदार पटवर्धन, फिरोज इराणी यांच्या थरारक कथा लिहिणाऱ्या याच लेखकाने 'दुनियादारी' लिहिली. तिच्यात खुनाचा तपास नाही. मैत्री आहे, प्रेम आहे, तुटलेली घरं आहेत. लेखक ओळखीचा असला की मोठा वाचक थरारातून माणसांच्या गोष्टीकडे सहज येतो. फक्त ही कादंबरी कॉलेजच्या वयाची आहे, शाळकरी मुलांच्या हाती घाई करून देऊ नका.

३) अनुवाद वाचून बघून घ्या. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' जपानमध्ये १९८१ मध्ये आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. तशा या आठवणी, पण कादंबरीसारख्या वाचल्या जातात. आगगाडीच्या डब्यात भरणारे वर्ग आणि नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना लगेच आपले वाटतात. तिथे डब्यात 'काही समुद्रातलं, काही डोंगरातलं' असावं लागे. आपल्या मुलांना विचारा, तुमच्या डब्यात शेतातलं काय, गोठ्यातलं काय? जपान एकदम जवळ येतं! 'चान' हा लाडाचा प्रत्यय आहे एवढं आधी सांगितलं की नावही अडत नाही.

दुकानात कोणताही अनुवाद उचलला की एक पान मोठ्याने वाचा. वाक्य जिभेवर अडखळत असेल, तर मूलही तिथेच अडखळणार.

४) आधी पालकांनी चाळावं. आजच्या काही थरारकथांत हिंसा आणि शरीरसंबंधांची वर्णनं उघड असतात. मुखपृष्ठ बघून ते कळत नाही. पुस्तक देता येणार नसेल तर कारण सांगा. नुसतं 'नको' म्हटलं की ते लपून वाचलं जातं.

५) सोडून द्यायची मुभा द्या. पंचवीस-तीस पानांत मन रमलं नाही तर पुस्तक बदलू द्या. अर्धवट सोडलेलं पुस्तक म्हणजे नापास होणं नव्हे.

घरी आणि वर्गात करून बघा : पुस्तक संपल्यावर 'तात्पर्य काय?' विचारू नका. 'तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' एवढंच विचारा आणि कोबायाशींसारखं ऐकत बसा. चार तास जमणार नाहीत, पंधरा मिनिटं तरी नक्की जमतील.