दुकानाची चव, घरची चूल

शुक्रवारची संध्याकाळ झाली, की इंग्लंडातील लहानमोठ्या गावांच्या पेठेत एक ओळखीचा वास दरवळू लागतो. कांदा, लसूण, जिरे आणि धने यांचा तो वास असतो. दुकानाच्या काचेवर दिव्यांच्या अक्षरांत एखादे भारतीय नाव झळकत असते. आत चारसहा माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेली असतात. थोड्या वेळाने आतून हाक येते, गरम डब्यांनी भरलेली पिशवी हाती पडते आणि गिऱ्हाईक लगबगीने घरची वाट धरते. दुकानात शिजवलेल्या आणि घरी नेऊन खावयाच्या अशा जेवणाला तिकडे ‘टेकअवे’ म्हणतात. आठवडाभर काम करून थकलेल्या कुटुंबाला ते जेवण म्हणजे एक लहानसा सणच वाटतो.

हा सण वारंवार साजरा करणे मात्र सर्वांनाच परवडत नाही. शिवाय, जो पदार्थ जिभेला आवडला तो आपल्या हाताने करून पाहावा, अशी इच्छा माणसाला होतेच. म्हणून पुष्कळ घरांत पाककृतींचे पुस्तक उघडले जाते आणि दुकानासारखी ‘करी’ घरच्या चुलीवर करण्याची खटपट सुरू होते. वरवर पाहता ही खटपट क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्यामागे अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

इ. स. १७४७ मध्ये हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने पाकशास्त्रावरील एक पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानी पद्धतीची करी कशी करावी, हे त्यात सांगितले होते. कोंबडीचे किंवा सशाचे मांस घ्यावे, बारीक चिरलेले तीनचार लहान कांदे, तीस मिरे व मोठा चमचाभर तांदूळ घालावा, आणि धने एका स्वच्छ फावड्यावर भाजून कुटावेत, अशी ती कृती होती. लोणी किती घालावे? तर अक्रोडाएवढे! मिरे मोजून आणि लोणी नजरेने घेण्याची ही रीत आज वाचताना हसू येते. परंतु दूरदेशीची चव कागदावर उतरवून आपल्या देशातील चुलीपर्यंत पोचविण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता.

पुढे लंडन शहरात करीचे उपाहारगृहही निघाले. त्याचा संस्थापक दीन महंमद हा मूळचा पाटण्याचा. त्याचा जन्म १७५९ मधला. लहान वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याबरोबर हिंडू लागला आणि १७८४ मध्ये आयर्लंडला जाऊन पोचला. १८१० मध्ये त्याने लंडनमधील जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ उघडले. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांना तेथे मसालेदार जेवण व हुक्का मिळत असे. जेवण उत्तम होते. पण धंदा चालला नाही. त्या साहेबांपैकी पुष्कळांच्या घरी स्वतःचे आचारी होते. जे घरी मिळते त्यासाठी बाहेर कोण जाणार? १८१२ मध्ये दीन महंमदाचे दिवाळे निघाले. तो खचला मात्र नाही. पुढे ब्रायटन येथे औषधी स्नानगृह चालवून त्याने मोठे नाव मिळविले. त्याच्या उपाहारगृहाच्या स्मरणार्थ २००५ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर एक फलक बसविण्यात आला.

पुढील काळात ही स्थिती अगदी उलट झाली. जे पूर्वी घरी होत असे ते दुकानात होऊ लागले. हा बदल घडविणारी माणसे साधी होती. आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेट भागातील कित्येक लोक इंग्रजांच्या आगबोटींवर भट्टीत कोळसा टाकण्याचे व स्वयंपाकाचे काम करीत. त्यांतील काही जण लंडनच्या बंदरात उतरून तेथेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी व त्यांच्या आप्तांनी लहान लहान भोजनगृहे घेतली. इंग्रज गिऱ्हाइकांना आवडणारी मासळी व बटाट्याचे तळलेले काप तेथे मिळत आणि त्यांच्याच शेजारी करी-भातही मिळे. दुसरी दुकाने बंद झाल्यावरही ही दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असत. हळूहळू गिऱ्हाइकाची जीभ मसाल्याला सरावली. २००१ मध्ये रॉबिन कुक या ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी ‘चिकन टिक्का मसाला’ हा पदार्थ ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले, इतकी ही चव त्या देशाशी एकरूप झाली होती.

आता घरोघरी एक नवाच प्रश्न उभा राहिला. पुस्तकात पाहून केलेली करी चांगली होई. पण ती दुकानासारखी होत नसे. मसाले तेच, कांदा तोच, मांसही तेच. तरी रस्सा कधी पातळ होई, कधी त्यात कांद्याचे तुकडे वेगळे दिसत, तर कधी मसाल्याचा कच्चा वास येई. दुकानदार एखादा गुप्त मसाला घालीत असावेत, असे पुष्कळांना वाटू लागले. या करीच्या चाहत्यांसाठी पॅट चॅपमन यांनी १९८२ मध्ये ‘करी क्लब’ स्थापन केला. १९८९ मध्ये क्रिस धिल्लन यांचे ‘द करी सीक्रेट’ हे पुस्तक निघाले. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील रीत त्यात घरच्या वाचकांसाठी उघड करून सांगितली होती.

ते रहस्य काय होते? कोणतीही जादूची पूड नव्हती. दुकानाचे रहस्य पूर्वतयारीत होते!

गिऱ्हाईक दुकानात येते ते संध्याकाळी. पण आचाऱ्याचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. ढीगभर कांदे सोलून, चिरून, आले व लसूण यांच्यासह एका मोठ्या पातेल्यात शिजत ठेवतात. पाऊण तास किंवा त्याहूनही अधिक वेळ ते मंद आचेवर शिजतात. शिजताना कांद्याचा तिखटपणा जातो व अंगची गोडी वर येते. मग त्यांचे गुळगुळीत वाटण करून त्यात टोमॅटो, हळद व थोडे मसाले घालतात आणि ते पुन्हा उकळतात. हा झाला मूळ रस्सा. त्याला स्वतःची अशी ठसठशीत चव नसते. परंतु दुकानातील बहुतेक करींचा पाया तोच असतो. मांसही आधीच शिजवून ठेवलेले असते.

गिऱ्हाइकाने पदार्थ सांगितला, की आचारी मोठ्या आचेवर पसरट भांडे ठेवतो. तेल तापताच त्यात आले-लसूण व मसाल्याची पूड पडते. मसाल्यातील कित्येक सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. म्हणून मसाला आधी तेलात परतावयाचा असतो. परंतु तापलेल्या तेलात तो काही क्षणांतच करपतो. नेमक्या त्या क्षणी मूळ रश्शाची एक पळी पडली पाहिजे. तो आटला की दुसरी पळी, मग मांस, मग तिसरी पळी. शेवटी चिमूटभर कसुरी मेथी व कोथिंबीर. अवघ्या दहा मिनिटांच्या आत पदार्थ तयार होतो. पाहणाऱ्याला ती दहा मिनिटे दिसतात. त्यांच्या आधीचे तास दिसत नाहीत.

हे कळले म्हणजे घरच्या स्वयंपाकाची रीतही बदलते. सुटीच्या दिवशी सकाळीच मूळ रस्सा करून ठेवावा लागतो. एक जण कांदे चिरतो व डोळे पुसतो. दुसरा लसूण सोलतो. तिसरा पुस्तक उघडे धरून मोठ्याने वाचतो. चुलीजवळचे काम अर्थातच वडीलधारी माणसे करतात. मसाले आधी मोजून वाट्यांत काढून ठेवावे लागतात. कारण तेल तापल्यावर डबा शोधीत बसण्यास वेळ नसतो. पहिल्या खेपेस मसाला करपतो. दुसऱ्या खेपेस मीठ अधिक पडते. पुस्तक प्रमाण सांगते. पण मसाला परतला गेल्याचा वास नाकालाच ओळखावा लागतो आणि रस्सा आटल्याचा आवाज कानालाच कळावा लागतो. तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेस मात्र झाकण उघडताच घरातली सारी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. दुकानातला तो वास आपल्या घरात आलेला असतो!

या पुस्तकांतील पदार्थांची नावे वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. नाव प्रवासाला निघाले, की पदार्थ वाटेत बदलतो. ‘विंदालू’ हा पदार्थ गोव्याचा. त्याचे नाव मद्य व लसूण या अर्थांच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले, आणि गोव्यात त्याचा जीव शिरका व लसूण यांत आहे. इंग्लंडातील दुकानांत मात्र विंदालू म्हणजे अत्यंत तिखट करी, असा अर्थ रूढ झाला. नावातील शेवटच्या अक्षरांवरून त्यात बटाटेही आले! ‘धनसाक’ हा मुंबईतील पारशी घरांत रविवारी आवडीने होणारा डाळ, भाज्या व मटण यांचा पदार्थ. त्याचेही तेथे आंबटगोड रूप झाले. या रूपांना खोटे म्हणण्याचे कारण नाही. ती त्या देशातील आचाऱ्यांनी तेथील गिऱ्हाइकांसाठी घडविली. परंतु त्यांचे मूळ घर कोणते, हे जाणून घेणे हे खाणाऱ्याचे कर्तव्य होय.

दुकानाचे रहस्य पुस्तकात छापले गेले, तरी दुकाने ओस पडली नाहीत. कारण ज्याने एकदा घरी ढीगभर कांदे सोलले, भांडी घासली आणि मसाला करपण्याची भीती अनुभवली, त्याला रोज शेकडो माणसांसाठी तेच काम करणाऱ्या हातांची किंमत कळते. मग पुन्हा कधी तो दुकानात जातो, तेव्हा गरम डब्यांची पिशवी घेताना त्याची दृष्टी आतल्या दारातून दिसणाऱ्या आचाऱ्याकडे वळते. त्या आचाऱ्याचा दिवस केव्हा सुरू झाला असेल, हे आता त्याला ठाऊक असते. पाककृतीचे पुस्तक पदार्थ करावयास शिकविते. आणि जो मन लावून शिकतो त्याला दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखावयासही शिकविते.

स्वाध्याय

१. दीन महंमदाचे उपाहारगृह का चालले नाही? पुढील काळात ही स्थिती कशी उलट झाली?
२. ‘दुकानाचे रहस्य पूर्वतयारीत होते,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. मसाला आधी तेलात का परततात?
४. ‘नाव प्रवासाला निघाले, की पदार्थ वाटेत बदलतो.’ पाठातील दोन उदाहरणे द्या.
५. वाक्यांत उपयोग करा : वाट धरणे, दिवाळे निघणे, ओस पडणे, मान राखणे.
६. तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून प्रमाणासह लिहा.