द्वारकेवर आधी माणसं मोज

चि. बाळ,


प्रोजेक्टला आपल्या नाशिकचा द्वारका चौक घेतलास, बरं वाटलं. तिथला उड्डाणपूल चुकला का, असं तू विचारलंस. माझ्या मते चुकला नाही. मुंबईहून सरळ धुळ्याला जाणारा ट्रक २०१३ पासून डोक्यावरून निघून जातो. पण आडगाव नाक्याकडून येऊन नाशिकरोडला वळणारा, मुंबई नाक्याकडून येऊन पुणे रोड धरणारा, सारडा सर्कलवरून गावातून बाहेर पडणारा, हे सगळे खालीच राहिले. द्वारकेचं दुखणं वळणाऱ्यांचं आहे. म्हणून नुसती बेरीज आणू नकोस. कोणत्या रस्त्याने आलेलं वाहन कुठे वळलं, याचा पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता कर. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार असतो, त्या दिवशीचे आकडे वेगळे ठेव.

मग तू सगळं पीसीयूत, म्हणजे ‘पॅसेंजर कार युनिट’मध्ये मांडशील. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत मोटारीला १, रिक्षाला १.२ ते २, बसला २.२ ते ३.७. हातगाडीलासुद्धा २ ते ३ आहेत. पायी चालणाऱ्याला काहीच नाही. हे माप वाहन किती अडथळा करतं याचं आहे, आत माणसं किती याचं नाही. त्यामुळे खच्चून भरलेली सिटीलिंकची बस कागदावर नुसती अडचण दिसते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानली, तरी आपले तक्ते अजून वाहनांचेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका चौकाची मोजणी मी केली होती. तक्त्यात पादचाऱ्यांचा रकाना नव्हता आणि तो मीही आखला नाही. त्याच आकड्यांवर रस्ता रुंद झाला. पलीकडे शाळा होती. दप्तरं घेतलेली पोरं मधेच अडकून उभी राहायची, ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

द्वारकेला भुयारी मार्ग आहे, तरी लोक वरूनच रस्ता ओलांडतात. ‘लोकांना शिस्त नाही’ असं अहवालात लिहून मोकळी होऊ नकोस. हातात जड पिशवी घेऊन स्वतः त्या पायऱ्या उतर आणि चढ. वरून आणि खालून किती वेळ लागला, दोन्ही लिही. आजीलाही सपाट रस्त्यावर चालवून बघ. सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरला तर २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत पार होतो. तिचा वेग ०.८ भरला, तर तिला ३० लागतील. सिग्नलची वेळ ठरवताना ते दहा सेकंद कोणाच्या वाट्याचे काढायचे, हा निर्णय तुझ्यासारख्या इंजिनिअरच्या हातात असतो.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. २००३ च्या सिंहस्थात आपल्याच गावात चेंगराचेंगरी झाली, भाविक जिवाला मुकले. त्यांतलं कोणी वाहनाखाली आलं नव्हतं. उताराच्या अरुंद वाटेवर पायी चालणाऱ्यांची गर्दी मावली नाही. ते गणितही वाहतुकीचंच आहे, ते शिकून घे.

मंगळवारी सकाळी आठला काठे गल्लीच्या बाजूला थांब. पादचाऱ्यांचा रकाना आखून आण, मी घड्याळ घेऊन येतो.

तुझा,
मामा