संक्रांत टोकियोतली : भाचीस पत्र

छत्रपती संभाजीनगर,
मार्गशीर्ष वद्य पक्ष

चि. भाचीस,

पत्र पावले. १४ जानेवारीला जपानमध्ये सुटी नसते, सुगडी, म्हणजे वाणासाठी लागणारी मातीची लहान बोळकी, तेथे मिळत नाहीत, ओंब्या नाहीत, हरभऱ्याचे घाटे नाहीत, आणि डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळला की काही करण्याची उमेदच राहत नाही, म्हणून यंदाची संक्रांत इकडच्या घराला व्हिडिओ कॉल लावून पाहावी, असा जो विचार त्यात कळविला आहे, त्याचा फेरविचार व्हावा एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

परमुलखात राहणाऱ्याला सण नकोसा वाटू लागतो तो सामानाच्या टंचाईपेक्षा तुलनेमुळे. गुलमंडी-औरंगपुऱ्यात हातगाड्यांवर बोरे आणि उसाची कांडकी रचलेली आहेत, शहराबाहेरच्या शेतांत कोवळी ज्वारी आगटीत भाजून हुरडा चोळला जात आहे, गच्च्यांवर पतंगांसाठी पोरे जमली आहेत, हे चित्र मनात धरून जो आपल्या एका खोलीकडे पाहील त्याला ती खोली ओकीबोकीच दिसणार. त्यात जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे चालते. इकडे संध्याकाळी सातला हळदीकुंकवाला रंग चढतो तेव्हा तेथे साडेदहा वाजलेले असतात, दुसऱ्या दिवशीची गाडी डोळ्यांपुढे असते, आणि फोनच्या पडद्यावर दुसऱ्यांच्या पैठण्या न्याहाळत झोपी जायचे एवढाच सण हाती उरतो. गणपती किंवा घटस्थापना माणूस एकटा करू शकतो, कारण तेथे पूजेला मूर्ती किंवा घट असतो. संक्रांतीचा मुख्य आचारच मुळी असा, की आपल्या हातचा तिळगूळ दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि दारी आलेल्या बाईला वाण लुटायचे, म्हणजे काही तरी लहानशी वस्तू भेट द्यायची. घेणारा समोर नसेल तर हा सण होतच नाही. म्हणून सुगडी मिळतील की नाही याआधी तिळगूळ कोणाला द्यायचा याचा विचार व्हावा.

तारखेची चिंता तर सर्वांत निरर्थक आहे. संक्रमण म्हणजे सूर्याचा एका राशीतून दुसऱ्या राशीत होणारा प्रवेश. दिवस वाढू लागण्याची खरी खगोलीय घटना डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच घडून जाते, परंतु आपले पंचांग निरयन पद्धतीचे, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणारे, असल्यामुळे आणि पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे आपली दिशा बदलत असल्यामुळे मकर संक्रांत इंग्रजी तारखांमध्ये सुमारे सत्तर-बाहत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला तेव्हा ती १२ जानेवारीला होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. शिवाय परंपरेने स्वतःच सवलत देऊन ठेवली आहे, कारण हळदीकुंकू आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, कोणत्याही दिवशी चालतो. जपानमध्ये जानेवारीचा दुसरा सोमवार, वयात आलेल्या तरुणांच्या गौरवाचा दिवस म्हणून, सार्वजनिक सुटीचा असतो. संक्रांत त्याच्या पाठोपाठ येते, म्हणून त्यानंतरचा कोणताही शनिवार धरावा. तिकडची महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवार पाहूनच कार्यक्रम ठरवतात आणि त्यात काही वावगे नाही.

वस्तू बदलल्या की सण बदलतो, या भीतीला उत्तर द्यायचे तर मराठी बोलणाऱ्यांपैकीच एका समाजाचे उदाहरण पुरेसे आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, अंगावर नऊवारी आणि घरात मराठी, अशा अवस्थेत या समाजाने कित्येक शतके स्वधर्मीयांपासून दूर काढली. हनुका हा ज्यूंचा हिवाळ्यातला आठ दिवसांचा दीपोत्सव त्यांना ठाऊकही नव्हता, तो पुढे इतर ज्यूंशी संबंध आल्यावर त्यांनी स्वीकारला. मात्र शेवाट या ज्यू महिन्याची पंधरावी तिथी, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास येणारी पौर्णिमा, त्यांनी एलियाहू पैगंबराची म्हणून पाळली आणि तिला खुशाल ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हटले. खुलताबादच्या उरुसाला जाणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला यात परके काही वाटणार नाही. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एलियाहूच्या रथाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या खडकावरील खुणा आहेत, तेथे आजही नवस बोलले जातात.

या दिवशी जो मलीदा करतात तो जवळून पाहण्यासारखा आहे. पोहे भिजवून मोकळे करायचे, त्यांत खवलेला नारळ, साखर, वेलदोड्याची पूड आणि सुकामेवा मिसळायचा, ताटात त्याचा ढीग करून भोवती पाच प्रकारची फळे मांडायची आणि सर्वांनी मिळून एलियाहूचे स्तोत्र म्हणून झाल्यावर तो वाटायचा. कोकणी माणसाच्या घरात जे होते त्याच जिनसांनी इब्री प्रार्थनेची थाळी भरली गेली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत वसले, आणि तेथे उलटाच प्रकार झाला: जेथे सगळेच ज्यू होते तेथे पोह्यांचा मलीदा करणारे ज्यू हेच नवल ठरले. त्यांच्या ज्यूपणाविषयीच तिकडच्या धर्ममंडळाने शंका घेतल्या, समाजाला आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली सरकारने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे सांगितल्यावर तो वाद मिटला. मलीदा त्यांनी सोडला नाही. त्यांच्यापैकी काहींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून चालवले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात सण केले त्यांनी अस्सल वस्तूंची वाट पाहिली असती तर त्यांच्याजवळ ना मलीदा उरता ना एलियाहू.

आणि शुद्धतेचा आग्रह संभाजीनगरकरांनी धरावा हे तर फारच विनोदी आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली तेव्हा मनाविरुद्ध येथे आणून बसवलेले दिल्लीकर, आणि हबसाणातून गुलाम म्हणून विकला जाऊन अखेर निजामशाहीचा कर्ता झालेला व १६१० साली खडकी हे गाव, म्हणजे आजचे हेच शहर, वसवणारा मलिक अंबर, हे सगळे घरापासून दूर राहिलेलेच लोक. आज शहराची खूण म्हणून पाहुण्याला जो नान-खलिया आग्रहाने खाऊ घालतात त्याचा संबंधही लोक तुघलकाच्या लष्कराशीच जोडतात.

आता सामानाविषयी. तीळ ही जपानची रोजच्या वापरातली जिन्नस आहे, पांढरे आणि काळे दोन्ही, भाजलेलेसुद्धा, कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. गूळ हवा असेल तर निशी-कसाई भागात, जेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि जेथून मराठी माणूस योगेंद्र पुराणिक २०१९ साली एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, तेथील भारतीय दुकानांत तो मिळावा. न मिळाल्यास ओकिनावाची ‘कोकुतो’ ही काळी साखर घ्यावी, कारण तीही उसाचा रस आटवूनच करतात आणि तिची चव गुळाच्या फार जवळ जाते. सुगड्यांऐवजी चहाचे लहान चिनी मातीचे पेले चालतील. त्यांत गाजराचे तुकडे, तीळ, तांदूळ आणि हंगामातले जे फळ मिळेल ते घालावे.

एका गोष्टीसाठी मात्र थोडे कष्ट घ्यावेत, आणि ती म्हणजे काटेरी हलवा. परातीत खसखस किंवा तीळ मंद आचेवर ठेवून त्यांवर साखरेचा एकतारी पाक, म्हणजे दोन बोटांत धरल्यास एक तार निघेल इतपत आटवलेला पाक, चमच्याने थोडा थोडा सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे सारखे हलवत राहायचे, पाक दाण्यावर सुकला की पुन्हा चमचाभर सोडायचा, असे तासन्‌तास चालते आणि हळूहळू प्रत्येक दाण्याला काटे फुटतात. आच जरा वाढली की दाणे एकमेकांना चिकटतात, घाई केली की काटे मोडून नुसत्या गोळ्या होतात. कोरड्या थंड हवेत काटा चांगला धरतो, आणि टोकियोचा हिवाळा कोरडाच असतो. या खटाटोपाचे खरे कारण वेगळे आहे: जपानमध्ये ‘कोम्पेइतो’ नावाची काटेरी साखरगोळी मिळते, जी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तेथे नेली आणि जी लुईश फ्रॉइश या पाद्र्याने १५६९ साली ओदा नोबुनागा या सरदाराला भेट दिली, पूर्वी तिच्या पोटातही खसखशीचा दाणा असे आणि तीही तापलेल्या, फिरत्या कढईत पाक सोडत सोडत कित्येक दिवस करावी लागते. शेजारच्या जपानी आजीबाईंच्या हातावर हलवा ठेवला तर त्यांना तो काय आहे हे समजावून सांगावे लागणार नाही, उलट हा घरी कसा केला असेच त्या विचारतील. तिळगुळाबरोबर गोड बोलायची जी मागणी आपण करतो ती मोडक्यातोडक्या जपानीत सांगितली तरी पुरे.

बोलावणे करताना केवळ मराठी मैत्रिणी गोळा करू नयेत. कार्यालयातली एखादी सहकारी, जपानी भाषा शिकवणाऱ्या बाई, तमिळ किंवा नेपाळी शेजारीण यांना अवश्य बोलवावे; तमिळ घरात त्याच दिवसांत पोंगल असतो आणि नेपाळी घरात माघे संक्रांती, तेव्हा त्याही आपापल्या घरापासून दूरच असतात. हळदीकुंकू फक्त सुवासिनींना, ही अट तेथे पाळू नये असे मामीचे स्पष्ट मत आहे आणि ते योग्य आहे. विधवा, अविवाहित, परधर्मीय कोणीही आली तरी वाण सारखेच द्यावे. उदबत्ती लावण्यापूर्वी छतावरील धुराची घंटा पाहून घ्यावी आणि तेथील घरांच्या भिंती पातळ असतात हे ध्यानात ठेवून रात्री आवाज आवरता घ्यावा.

तसेच तिळगूळ देणाऱ्याने यजमानांचे सणही घ्यावेत. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाला तेथे ‘तोजी’ म्हणतात. त्या दिवशी भोपळा खातात आणि युझू नावाची लिंबाच्या जातीची फळे टाकून ऊन पाण्यात स्नान करतात, हा प्रकार आपल्याकडच्या अभ्यंगापासून फार दूर नाही. नाताळ तेथे सुटीचा दिवस नाही, तो केक खाण्याचा आणि तळलेली कोंबडी आणण्याचा दिवस आहे, त्याची फारशी पत्रास बाळगू नये. खरा सण नववर्षाचा. १८७३ पासून जपानने इंग्रजी पंचांग स्वीकारल्यामुळे तो १ जानेवारीला येतो, बहुतेक कार्यालये २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात, कचरा उचलणारेही त्यांतले काही दिवस येत नाहीत, म्हणून किराणा आधी भरून ठेवावा आणि कचऱ्याचे वेळापत्रक आधी वाचावे. वर्षाच्या शेवटच्या रात्री मंदिरांत घंटेचे १०८ टोल देतात, तेथे अवश्य जावे. त्या रात्री खाण्याच्या सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, ज्या रश्शात देतात त्यात सुक्या माशाचा अर्क असतो, तेव्हा शाकाहारी माणसाने विचारून घ्यावे. शुभेच्छापत्रे पाठवायची असतील तर ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे तेथे पाठवू नयेत.

येथून पार्सल पाठवायचे आहे. ताजी बोरे, ऊस आणि ओंब्या त्यात घालता येणार नाहीत, कारण ताजी फळे आणि रोपे यांना वनस्पती-तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानमध्ये प्रवेश नाही. तिळाची वडी, मामीने केलेला पावशेर हलवा आणि वाणासाठी हिमरू कापडाचे बटवे एवढे जाईल. बटवे किती हवेत हे मामीला मोजून सांगावे लागते, तेव्हा कोणाकोणाला बोलवायचे त्यांची यादी पौष लागण्याआधी कळवावी.

मामा