गाण्यातून धडा : साल्झबर्ग आणि तंजावर

'द साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट १९६५ साली आला. दिग्दर्शन रॉबर्ट वाइज यांचे, मारियाची भूमिका ज्युली अँड्र्यूज यांची, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे आणि गीते ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. त्याला पाच ऑस्कर मिळाले. आजही तो लावला की लहानमोठे सगळे बसून बघतात. मात्र "गाणी पुढे ढकला, गोष्ट बघू" असे म्हणणारा एकजण प्रत्येक वेळी असतोच. माझे मत असे की गाणी काढली तर गोष्ट जागची हलणारच नाही.

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा कॅप्टन फॉन ट्रॅप आपल्या सात मुलांना शिट्टीने बोलावतो. प्रत्येकाची शिट्टी वेगळी. मुले धावत येऊन रांगेत उभी राहतात. (आम्हा कॅडेटना यात नवल वाटत नाही!) त्यांना सांभाळायला आलेल्या मारियाला कळते की मुलांना एकही गाणे येत नाही. मग ती 'डो रे मी' शिकवते. बहुतेक स्वरांच्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा एक शब्द ती त्यांना जोडते. आधी स्वर, मग स्वरांची अदलाबदल, मग पूर्ण चाल. गाणे संपते तेव्हा मुले खरोखर काहीतरी शिकलेली असतात आणि बघणाराही शिकलेला असतो. माझ्या मते हा चित्रपट टिकला तो यामुळे.

यातल्या बहुतेक स्वरांची नावे अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो नावाच्या साधूने एका स्तोत्राच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवली. आपलेही तसेच आहे. षड्ज, ऋषभ, गांधार यांची आद्याक्षरे घेऊन सा, रे, ग झाले.

गाण्यातून धडा देण्याची ही युक्ती मराठीत दीडशे वर्षे आधीच वापरली गेली होती, तीही तमिळ मुलखात. सध्या आमचे घर कुंभकोणमजवळ तिरुभुवनम् येथे आहे. हे गाव रेशमी साड्यांसाठी आणि तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या कंपहरेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथून पन्नासेक किलोमीटरवर तंजावर, म्हणजे भोसल्यांची राजधानी. तेथील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी संगीत नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती येते, आपल्या डोंगराचे, मुलखाचे वर्णन गाते आणि भविष्य सांगते. सरफोजींनी तिच्या तोंडी सगळ्या जगाचा भूगोल घातला. स्वतःच्या डोंगराचे गुण गाणारी बाई इथे युरोप-आफ्रिकेची माहिती गाऊन सांगते. ही कल्पना मला मारियाच्या गाण्यापेक्षाही धाडसी वाटते.

आणखी एक साम्य मला दिसले. १९१८ नंतर ऑस्ट्रियाला समुद्रकिनाराच उरला नाही, म्हणून पाणबुडीचा खरा कमांडर फॉन ट्रॅप समुद्राविना राहिला. १७९९ च्या तहाने इंग्रजांनी तंजावरचा कारभार घेतला, राजाकडे किल्ला आणि वाडा राहिला. सरफोजींनी मग ग्रंथ जमवले, शाळा चालवल्या. फॉन ट्रॅपला हिटलरच्या नौदलाने पुन्हा हुद्दा देऊ केला, तो त्याने नाकारला. खरे कुटुंब १९३८ मध्ये आगगाडीने इटलीला गेले. चित्रपटात ते डोंगर चढून स्वित्झर्लंडला निघते. पण साल्झबर्गला लागून हद्द आहे ती जर्मनीची! नकाशावाचनाच्या परीक्षेत या दिग्दर्शकाला गुण मिळाले नसते.

सरफोजींची युक्ती मी आमच्या भूगोलावर करून पाहिली. कावेरीला मिळणाऱ्या सात नद्या उगमाकडून खाली अशा सात स्वरांवर बसतात : हेमावती, काबिनी, शिंशा, अर्कावती, भवानी, नोय्यल, अमरावती. चाल 'डो रे मी'चीच घेतली. पाठ लगेच झाल्या. फक्त अमरावती 'नी'वर चढवताना आवाज फाटतो.