परदेशीं विद्यार्थ्याची काटकसर : बर्लिन शहराचें उदाहरण

काटकसर आणि चिक्कूपणा ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. जेथें पैसा खर्चल्यावांचून कार्य साधत नाहीं तेथेंही हात आखडतो तो चिक्कू. आणि जेथें कमी खर्चांत तेंच कार्य तितकेंच चांगलें साधतें तेथें अधिक खर्चीत नाहीं तो काटकसरी. घरीं राहून शिकणाऱ्यास हा भेद फारसा जाणवत नाहीं. परंतु जो विद्यार्थी हजारों मैलांवरील परक्या नगरांत विद्येसाठीं जातो, त्याचें यश पुष्कळदां ह्याच भेदावर अवलंबून असतें. आपल्या शाळेंतील कांहीं मुलें-मुली पुढेंमागें युरोपांत शिकावयास जातील. त्यांच्या पाठीमागें आईबापांनीं जमविलेली पुंजी किंवा बँकेचें कर्ज असेल. म्हणून त्यांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असा हा विषय जर्मनीची राजधानी बर्लिन हिचें उदाहरण घेऊन येथें मांडला आहे.

बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक अभ्यासक्रमांना शिकवणीची फी नाहीं. दर सहामाहीस एक ठराविक वर्गणी तेवढी भरावी लागते. ह्यावरून तेथील शिक्षण फुकट आहे असा पुष्कळांचा समज होतो. तो अपुरा आहे. फी नसली तरी पोट, निवारा आणि विमा हीं आहेतच. म्हणूनच परदेशी विद्यार्थ्याजवळ वर्षाच्या निर्वाहाची तरतूद आहे, असा पुरावा जर्मन सरकार अगोदरच मागतें. तो देण्याची रूढ रीत म्हणजे एका बंद खात्यांत रक्कम ठेवणें. २०२४ च्या सप्टेंबरांत ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. तींतून विद्यार्थ्याच्या हातीं महिन्यास ९९२ युरो येतात. एवढ्यांत महिना कसा निभवावा, हा खरा प्रश्न होय.

सर्वांत मोठा खर्च राहण्याच्या जागेचा. विद्यार्थ्यांसाठीं असलेलीं सार्वजनिक वसतिगृहें स्वस्त असतात, पण तेथें जागेसाठीं मोठी रांग असते. सबब प्रवेशाचें पत्र हातीं येतांच अर्ज करावा. दुसरा मार्ग म्हणजे तिघाचौघांनीं मिळून एक घर घेणें. तेथें भाड्याचे दोन आंकडे सांगतात : नुसत्या जागेचें तें 'थंड' भाडें, आणि पाणी, खोली ऊबदार ठेवण्याचा खर्च वगैरे धरून होणारें तें 'ऊन' भाडें. जाहिरातींतील थंड आंकड्यावर हुरळून जाणारा पुढें अडचणींत येतो. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागतां येत नाहीं, आणि ती तीन हप्त्यांनीं देण्याचा कायदेशीर हक्क भाडेकऱ्यास आहे. जागा पाहिल्यावांचून कोणासही पैसे पाठवूं नयेत. अशा व्यवहारांत फसवणूक फार होते. मिळून राहण्याचा आणखी एक लाभ असा कीं, तेथील नभोवाणी व दूरचित्रवाणीची सक्तीची वर्गणी माणशीं नसून घरटीं असते. २०२१ सालीं ती महिन्यास १८.३६ युरो ठरली. घरांत चौघे असले तर एकाच्या वांट्यास ४.५९ युरोच येतात.

जागा निवडतांना भाड्याबरोबर अंतरही पाहावें. महात्मा गांधी १८८८ ते १८९१ ह्या काळांत लंडनमध्यें कायद्याचा अभ्यास करीत होते. ते पैन् पैचा हिशेब ठेवीत, असें त्यांच्या आत्मकथेवरून कळतें. खर्च निम्म्यावर आणावा असें ठरवून त्यांनीं अशी जागा घेतली कीं, कामाच्या ठिकाणीं अर्ध्या तासांत पायीं पोंचतां यावें. गाडीभाडें वांचलें, आणि चालण्यानें प्रकृतिही चांगली राहिली. एका विचारपूर्वक निवडीनें दोन गोष्टी साधल्या.

बर्लिन विस्तीर्ण आहे. सर्वत्र पायीं जाणें शक्य नाहीं. परंतु तेथील मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या वर्गणींतच प्रवासाचें तिकीट अंतर्भूत असतें. २०२४ च्या उन्हाळी सहामाहीपासून हें तिकीट जर्मनीभर चालूं लागलें, आणि त्याची किंमत इतरांच्या मासिक तिकिटाच्या ६० टक्के ठेवण्यांत आली. लांब पल्ल्याच्या जलद आगगाड्यांना मात्र तें चालत नाहीं. तें खिशांत असतां जो पुन्हां तिकीट काढतो तो अज्ञानाचा दंड भरतो. आणि जो तिकिटावांचून प्रवास करतो त्यास ६० युरोंचा खराखुरा दंड होतो.

आतां अन्नाविषयीं. विद्यापीठांतील भोजनालयास तेथें 'मेन्झा' म्हणतात. एकाच ताटाचे विद्यार्थी, नोकर आणि पाहुणे ह्यांस निरनिराळे दर असतात. म्हणून विद्यार्थ्याचें कार्ड पहिल्याच आठवड्यांत करून घ्यावें. नळाचें पाणी पिण्यास उत्तम असतें. बाटलीचें विकत घेण्याचें कारण नाहीं. तरीही बाटली घेतलीच तर ती फेंकूं नये. एकदां वापरावयाच्या बहुतेक बाटल्यांवर व डब्यांवर २५ सेंट अनामत असते, आणि ती दुकानांत परत मिळते. रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात; शनिवारींच बाजार करून ठेवावा, नाहीं तर स्टेशनावरील महाग दुकानाची पायरी चढावी लागते. पुस्तकें ग्रंथालयांतून घ्यावीं. हुंबोल्ट विद्यापीठाचें ग्रिम-बंधूंच्या नांवाचें विशाल ग्रंथालय २००९ सालीं उघडलें, तें ह्याच कामासाठीं.

पण तीन ठिकाणीं काटकसर करूं नये. आरोग्याचा विमा सक्तीचा आहे व तो आवश्यकही आहे. हिवाळ्याचा कोट जुना चालेल, पण तो ऊबदार हवा. आणि पोटाला चिमटा घेऊन वांचविलेले पैसे पुढें औषधाला जातात.

तिसऱ्याहून मोठी एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. २०२४ च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्यास वर्षांत १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मिळाली. कामांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु कामापायीं अभ्यास मागें पडून एक सहामाही वाढली, तर ९९२ गुणिले ६, म्हणजे ५,९५२ युरोंचा नवा खर्च उभा राहतो. बाटल्या परत करून ही भर कधींही निघावयाची नाहीं. वेळेवर उत्तीर्ण होणें हीच सर्वांत मोठी बचत होय.

पालकांस एक विनंति. मुलाकडून महिन्याचा हिशेब अवश्य मागावा, पण दोष काढण्यासाठीं नव्हे. रागाच्या भीतीनें मुलें अडचण लपवितात. घरीं सर्व ठीक आहे म्हणून कळवितात आणि तिकडे उपाशी राहतात. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही आतांपासूनच एक वही घाला. आठवड्यास मिळणाऱ्या चार पैशांचा जमाखर्च जो आज लिहितो, त्यास उद्यां ९९२ युरोंचा लिहिणें जड जाणार नाहीं.