पोळपाटावरचा परका हात

पोळी लाटता लाटता थांबले. हात माझाच, बांगड्याही माझ्याच. पण तो दुसरंच कुणी हलवतंय असं वाटत होतं. शेजारी मुलगा शाळेतलं काही सांगत होता, त्याचा आवाज काचेपलीकडून यावा तसा येत होता. त्याच्या दोन महिने आधी आतल्या कानाच्या नसेला सूज आली होती. घर गरगर फिरणं, उलट्या, सगळं होऊन गेलं होतं. मागे राहिलं ते हे.

डॉक्टरांना मी फक्त चक्कर सांगितली. 'सगळं खोटं वाटतं' म्हटलं तर वेड्यात काढतील, ही धास्ती. अर्धी तक्रार सांगितल्यावर औषधही अर्ध्याचंच मिळालं. पाच दिवसांसाठी दिलेली चक्करची गोळी मी परस्पर केमिस्टकडून आणून चार महिने खाल्ली. कानातल्या बिघाडाशी मेंदू हळूहळू जुळवून घेत असतो आणि चक्कर दाबणारी गोळी लांबवली की तेच रखडतं, हे नंतर कळलं.

त्याहून महाग पडली ती माझी मीच चालवलेली तपासणी. डोळे उघडले की आधी छताकडे बघायचं: आज खरं वाटतंय का? दादरच्या पुलावर कठडा धरून स्वतःला चिमटे काढायचे. जितकं तपासावं तितकं जग पातळ व्हायचं. मग छातीत धडधड, भराभर श्वास. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोकं आणखीच हलकं होतं. म्हणजे पुन्हा तपासणी!

शेवटी कानात गार पाणी सोडून तोलाची चाचणी झाली. या चाचणीमागचं काम रॉबर्ट बारानी यांचं, त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. पाणी गेलं आणि खोली कॅलेंडरवरच्या चित्रासारखी सपाट झाली. मी ओरडलेच, "हेच! घरी हेच होतं!" तपासणारी मुलगी कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "होतं काहींना. कान ठणठणीत असलेल्यांनाही होतं, काकू." तिथेच रडू फुटलं.

डोळे, कान आणि तळपाय यांच्या बातम्या जुळवून मेंदू 'मी इथे आहे' हे ठरवत असतो. कानाची बातमी चुकली की ते जुळत नाही. तोलाचे आणि भीतीचे मार्ग मेंदूत एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे घाबरलं की तोच बिघाड दुप्पट जाणवतो. म्हणून डॉक्टरांना जसं वाटतं तसंच सांगा, काच म्हणा, स्वप्न म्हणा. तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. अंगठ्याच्या नखावर नजर ठेवून मान हलवताना सुरुवातीला चक्कर थोडी वाढते, तेवढ्यावरून सोडू नका. भीतीसाठी समुपदेशन किंवा गोळ्या सुचवल्या तर मान खाली घालायचं कारण नाही. मात्र चक्करेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हात किंवा पाय लुळा पडला, तर थेट हॉस्पिटल गाठा. शुद्ध हरपत असेल तर तेही लपवू नका.

परवा पुलावर पुन्हा तसं झालं. सावकाश श्वास सोडला आणि कोथिंबीर घ्यायला वळले. सुट्टे नव्हते म्हणून भाजीवालीनं चांगलंच सुनावलं. खाली उतरल्यावर लक्षात आलं, चिमटा काढायचा राहूनच गेला.