कस्टम कीबोर्ड जोडणीची हत्यारं : आधी टोक बघा, मग किंमत

व्हिडिओत हात चालताना दिसतो, पण मापं लक्षात राहत नाहीत. म्हणून आजचा धडा लिहून देतोय. खरेदीला निघताना मोबाईलमध्ये उघडून ठेवा.

शहापूर किंवा मुरबाडमधून हे काम करता येतं. ग्राहक बहुतेक कल्याण-ठाणे पट्ट्यातला असतो. तो पार्ट्स मागवतो, आपण जोडून, तपासून देतो. दुकान घरात चालतं, भाडं वाचतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: टेबलावर असलेला बोर्ड, केस, स्विचेस, सगळं ग्राहकाचं आहे. आपलं फक्त हत्यार आणि हात. हत्याराने जे बिघडेल ते आपल्या खिशातून भरायचं.

त्यामुळे आजचा नियम एकच: हत्यार जिथे ग्राहकाच्या वस्तूला टेकतं, तिथे पैसे घाला. बाकी ठिकाणी वाचवा. चकचकीत पेटी, ४५ बिट्सचा सेट, रबरी मूठ हे सगळं नंतर. एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, तो हत्यार हातात घेतल्यावर आधी टोक बघतो.

१. स्क्रू ड्रायव्हर आणि अ‍ॅलन की

टपारियाची पक्कड आपल्याकडे बऱ्याच वायरमनच्या पिशवीत असते. कंपनी आपल्या नाशिकच्या सातपूरची. पण वायरमनची पिशवी आणि आपलं टेबल यांत मापाचा फरक आहे. कीबोर्डमध्ये बहुतेक एम २ च्या आसपासचे बारीक स्क्रू असतात. त्यासाठी लागतं ते असं:

- चौफुली टोक : पीएच ०० आणि पीएच ०. थोड्या मोठ्या स्क्रूला पीएच १.
- अ‍ॅलन की : १.३, १.५, २ आणि २.५ मिमी.

दुकानात तपासायचं कसं? घरून एम २ चे दोन-तीन स्क्रू खिशात घेऊन जा. टोक स्क्रूत बसवा आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगलं तर ठेवून द्या. अ‍ॅलन कीचं टोक उजेडात धरा. सहाही कोपरे धारदार दिसले पाहिजेत. कोपरे गोल असलेली की स्क्रूचं भोक गोल करते, आणि मग तो स्क्रू काढायला ड्रिल लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या केसवर ड्रिल म्हणजे ओरखडा नक्की. गोल डोक्याची अ‍ॅलन की तिरक्या जागी उपयोगी पडते, पण शेवटचा आवळा सरळ टोकानेच द्या.

२. पुलर : स्वस्त, पण जपून

नवीन कीबोर्डसोबत बऱ्याचदा प्लास्टिकचा गोल पुलर येतो. तो की-कॅपच्या बाजूंना घासतो, कॅपवर रेघा उठतात. दोन तारांच्या फासाचा पुलर घ्या. तार कॅपच्या खाली जाते आणि सरळ वर उचलते. खर्च फार नाही.

स्विच पुलरचे दोन पोलादी पंजे असतात. त्यांच्या कडांवरून बोट फिरवा. खरखर लागली तर त्या प्लेटवर ओरखडे काढणार. स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूची खिटी दाबायची आणि सरळ ओढायचं, पिळायचं नाही.

३. चिमटा

स्टेनलेस स्टीलचा, बारीक टोकांचा. दाबल्यावर दोन्ही टोकं एकमेकांवर नेमकी जुळतात का ते बघा. याचं मोठं काम पार्ट उचलणं नाही, तर *बोर्ड तपासणं* आहे. एकही स्विच बसवण्याआधी बोर्ड कॉम्प्युटरला जोडा, की-टेस्टर उघडा आणि प्रत्येक स्विचच्या दोन बिंदूंना चिमट्याने क्षणभर जोडा. स्क्रीनवर अक्षर उमटलं की ती जागा ठीक. नाही उमटलं तर काम तिथेच थांबवा आणि ग्राहकाला व्हिडिओ पाठवा. सगळं जोडून झाल्यावर हा दोष सापडला तर तो तुमच्याच नावावर जातो.

हॉट-स्वॅप बोर्डाचे स्विच दाबून बसतात, सोल्डर लागत नाही. तरी बसवण्याआधी वाकलेल्या पिना चिमट्याने सरळ करा. स्विच दाबताना खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेट बोर्डावरून उखडतं.

४. सोल्डरिंग : इथे कंजुषी नको

८७ बटणांचा कीबोर्ड म्हणजे प्रत्येक स्विचच्या दोन पिना, एकूण १७४ डाख. एकेका डाखेला दोन-तीन सेकंद. आयर्न कमी तापलं तर तुम्ही ते जास्त वेळ धरून ठेवता, जास्त तापलं तर तांब्याचं पॅड उचकटतं. दोन्हीकडून बोर्डच मरतो.

साध्या २५ वॅटच्या आयर्नला तापमान राखता येत नाही. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मग ते आणखी थंड होतं. म्हणून तापमान सेट करता येणारं, ६० वॅटच्या आसपासचं स्टेशन घ्या. सोबत हे:

- टिप : सुईसारखी नको. छिन्नीसारखी चपटी, साधारण २ मिमीची. चपट्या टोकातून उष्णता पटकन उतरते.
- तार : ६३/३७ कथील-शिसं, ०.८ मिमी, आत राळ असलेली. ही १८३ अंशाला वितळते. स्टेशन ३२० ते ३५० अंशांवर ठेवा.
- फ्लक्स : राळेचाच. पाइप किंवा रेडिएटर जोडायची आम्लाची पेस्ट बोर्डाला लावू नका, ती तांबं खाते.
- सोल्डर ओढायचा पंप : दट्ट्या दाबा, तोंडाला बोट लावा, बटण सोडा. बोटाला जोरात ओढ लागली पाहिजे.

रेडिओ दुरुस्तीवाले जुने कारागीर आयर्नचं टोक कानशीने घासायचे. ते टोक निव्वळ तांब्याचं असायचं. आजच्या टिपवर लोखंडाचा थर असतो. कानस मारली की थर गेला, टिप संपली. ओल्या स्पंजने किंवा पितळी जाळीने पुसा, आणि बंद करताना टोकावर थोडं सोल्डर राहू द्या.

वायरमनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.

५. आता हिशोब

आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा. चांगला संच ६,००० रुपये, स्वस्त संच १,५०० रुपये. दोन्हींवर ५० कीबोर्ड जोडले असं धरा.

- चांगला : ६,००० ÷ ५० = १२० रुपये प्रत्येक कामाला
- स्वस्त : १,५०० ÷ ५० = ३० रुपये प्रत्येक कामाला

फरक ९० रुपये. ५० कामांत ४,५०० रुपये. आता ग्राहकाचा बोर्डच ४,५०० चा असेल, तर ५० कामांत *एक* बोर्ड वाचला तरी फरक वसूल. आणि जोडणीचे ८०० घेत असाल, तर एक बोर्ड भरून द्यायला जवळजवळ सहा कामांची मजुरी जाते. गेलेला ग्राहक तर या हिशोबात धरलेलाच नाही. म्हणून हत्याराच्या किमतीसोबत ते काय बिघडवू शकतं तेही लिहायचं.

६. खरेदी कुठे, कोणत्या क्रमाने

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या भडकमकर मार्गावर. हातहत्यारं नागदेवी स्ट्रीटला. शहापूरकरांना आसनगावहून लोकल, मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण. एक फेरी म्हणजे अख्खा दिवस. बदलून आणायला दुसरा दिवस घालवू नका: तिथेच तपासा, पक्कं बिल घ्या. ऑनलाइन घेतलंत तर परतीची मुदत संपायच्या आत याच चाचण्या करा.

- पहिला टप्पा : ड्रायव्हर, अ‍ॅलन की, दोन्ही पुलर, चिमटा. यावर हॉट-स्वॅप जोडणी आणि साफसफाईची कामं घ्या.
- दुसरा टप्पा : स्विचला ग्रीस लावायला स्विच ओपनर आणि शून्य नंबरचा ब्रश. ब्रश स्टेशनरीच्या दुकानातला चालतो.
- तिसरा टप्पा : पहिल्या दोन टप्प्यांच्या कमाईतून सोल्डरिंग स्टेशन, पंप, मल्टिमीटर. कर्ज काढून नाही.

७. पावसाळा

भातसा, तानसा भरवणारा पाऊस आपल्याच डोक्यावर पडतो. जून ते सप्टेंबर हत्यारं उघड्यावर ठेवलीत तर टोकांना गंज धरतो, आणि गंजलेलं टोक म्हणजे पुन्हा गोल टोक. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा शिवणमशीनच्या तेलाचं बोट. तेल लावलेलं हत्यार कामाआधी कोरडं पुसा.

गृहपाठ : भंगारातून एक जुना बोर्ड आणा. त्यावर २० डाखा काढा आणि २० पुन्हा लावा. एकही पॅड उचकटलं नाही, असं सलग तीनदा झालं की मगच सोल्डरिंगचं पहिलं काम घ्या. तोपर्यंत हॉट-स्वॅपची कामं करत राहा, हात बसत जाईल आणि पैसेही येत राहतील.

पुढच्या धड्यात जोडणीचे दर कसे ठरवायचे ते बघू.